शीड, डोलकाठी आणि दोर : पतेमारीच्या एका प्रतिकृतीच्या निमित्ताने

नागपूर ते मुंबई हे अंतर रेल्वेने आठशे किलोमीटरहून अधिक आहे. आपल्या शाळांतील बहुसंख्य मुलामुलींनी समुद्र पाहिलेला नसतो. पाहिला असला तरी शिडाचे जहाज पाहिलेले नसते, कारण ते आता कोकणातही क्वचितच दिसते. असे असून शाळेच्या प्रदर्शनात दरवर्षी एखादे तरी लाकडी गलबत मांडलेले आढळते. सागवानाची किंवा देवदाराची पट्टी, शिवणाचा दोरा, जुन्या धोतराचे शीड आणि वर एक झेंडा. पालक कौतुक करतात, परीक्षक गुण देतात, आणि गलबत कपाटावर जाऊन बसते. या गलबताच्या दोऱ्यांकडे मात्र कुणी पाहत नाही. या लेखात त्या दोऱ्यांविषयीच लिहायचे आहे, कारण आपल्या पूर्वजांच्या इतिहासाचा एक मोठा भाग कागदावर नव्हे, दोरांत गुंतलेला आहे.

प्रारंभ शब्दांपासून करू. मराठी माणूस जहाज, बंदर, खलाशी, नांगर, सुकाणू, तुफान, मोसमी वारे हे शब्द बोलतो तेव्हा आपण अरबी-फारसी बोलत आहोत असे त्याला वाटत नाही, आणि तसे वाटण्याचे कारणही नाही, इतके ते शब्द मराठीचे झाले आहेत. 'सुकाणू' हा अरबी 'सुक्कान'. 'मोसम' हा अरबी 'मौसिम', म्हणजे ठराविक काळ. युरोपीय भाषांनी त्याचाच मान्सून केला. 'नांगर' हा फारसी 'लंगर'. कोकणातला 'नाखवा' म्हणजे फारसी 'नाखुदा', नावेचा धनी. आणि त्यातील 'नाव' हे तर संस्कृत व फारसी या दोन्ही भाषांचे एकाच मुळापासून आलेले धन. 'सारंग' हा 'सरहंग', म्हणजे नायक. 'गुराब' या लढाऊ जहाजाचे नाव अरबीत कावळ्याचे आहे. शेतात राबणाऱ्यांचे शब्द भूमीतून येतात, तसे समुद्रावर राबणाऱ्यांचे शब्द एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जातात, आणि ज्या अर्थी हे शब्द इतके मुरले त्या अर्थी ती माणसे येथे पाहुणी म्हणून आली नव्हती.

याचा पुरावाही आहे. अल-मसूदी हा बगदादचा प्रवासी-इतिहासकार हिजरी सन 304 मध्ये, म्हणजे इ. स. 916 च्या सुमारास, सैमूर येथे आला. सैमूर म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील चौल. तेथे सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. त्यांत सिराफ, ओमान, बसरा आणि बगदाद येथून आलेले होते आणि याच भूमीत जन्मलेलेही होते. राज्य त्या वेळी राष्ट्रकूटांचे होते, आणि मुसलमानांचे तंटे सोडविण्यासाठी त्यांच्यातीलच एक प्रमुख राजाने नेमलेला होता. महाराष्ट्रात मुसलमान तलवारीबरोबर आले असे मुलांना सांगितले जाते तेव्हा चौलचे हे पान त्यांच्यापुढे ठेवावे. येथे ते व्यापाऱ्यांच्या गाठोड्यांबरोबर आणि काथ्याच्या दोरांबरोबर आले, त्याला अकराशे वर्षे होऊन गेली.

काथ्याचा दोर हा या इतिहासाचा खरा नायक म्हणावा लागेल. त्या काळी अरबी समुद्रातील जहाजे खिळ्यांनी ठोकत नसत, शिवत असत. फळीला भोके पाडून नारळाच्या काथ्याच्या दोरीने एक फळी दुसरीला बांधीत. मार्को पोलोने होर्मुझला अशी जहाजे पाहून नाक मुरडले. इब्न बतूताने मात्र त्यांची पद्धत नीट समजून घेऊन वर्णन केले. काथ्या खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही आणि ताण पडला की थोडा लांबतो, तुटत नाही. शिवलेले जहाज लाटेबरोबर किंचित लवते. पुढे लोखंडी खिळे आले तरी शिडाच्या दोरांसाठी काथ्या राहिलाच.

आता पतेमारीकडे वळू. काही ठिकाणी तिला फत्तेमारी म्हणतात. कोकण, मुंबई आणि मलबार यांच्या दरम्यान माल वाहणारे हे जहाज. जॉन एडी या इंग्रज जहाजतज्ज्ञाने 1834 साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. मोठी पतेमारी सुमारे 76 फूट लांब आणि 200 टन भाराची असे. त्यानंतर थोड्याच वर्षांनी एडमंड पारिस या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने जगभर फिरून युरोपाबाहेरच्या लोकांच्या नावा मोजून-मापून काढल्या, त्यांत मुंबईची पतेमारीही होती. हाच पारिस 1871 पासून पॅरिसच्या नौका-संग्रहालयाचा प्रमुख झाला आणि आपल्या रेखाटनांवरून त्याने लाकडी प्रतिकृती करवून घेतल्या. आपल्या मिस्त्र्यांनी नकाशा कधी काढला नाही. पठाण, म्हणजे तळाचा मुख्य वासा, बसवला की पुढचे सारे डोळ्यांत आणि हातांत असे. त्यामुळे आपल्या जहाजांची मापे शोधायला आज आपल्याला परक्या माणसाचे पुस्तक उघडावे लागते. पारिसचे आभार मानावेत आणि थोडे वाईटही वाटून घ्यावे.

विद्यार्थी मित्रांनो, ही पतेमारी पाव इंचास एक फूट या प्रमाणाने करावयाची ठरविली, तर 76 फुटांचे जहाज 19 इंचांचे होते. साडेपाच फुटी खलाशी सव्वा इंचाहून किंचित उंच. आणि एक इंच जाडीचा दोर सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा! प्रदर्शनातील गलबतांवर जी सुतळी बांधलेली असते ती खऱ्या जहाजावर माणसाच्या मांडीएवढी जाड भरेल. म्हणून प्रथम दोरा निवडावा. सुती रिळाचा दोरा घ्यावा, त्याचे तीन पदर एकत्र पिळावेत, आणि मधमाशीच्या मेणावरून ओढून घ्यावा, म्हणजे त्याची लव बसते. खरा दोरही असाच पदर पिळून होतो. पदरांचा पीळ एका दिशेला आणि दोराचा पीळ उलट दिशेला, म्हणूनच तो आपोआप सुटत नाही.

पुढे डोलकाठी. येथे शंभरातील नव्वद प्रतिकृती चुकतात. युरोपीय चित्रांत डोलकाठी सरळ उभी किंवा मागे कललेली असते, म्हणून मुलेही तशीच लावतात. पतेमारीची मोठी डोलकाठी पुढे, नाळेकडे झुकलेली असते. यामागे कारण आहे. या जहाजाचे शीड एका लांबलचक तिरप्या काठीला बांधलेले असते. तिला परबाण म्हणतात. परबाण अनेकदा डोलकाठीपेक्षाही लांब असे, आणि तेवढे लांब सरळ लाकूड मिळत नसल्यामुळे दोन-तीन वासे एकमेकांवर चढवून दोरांनी आवळून ते तयार करीत. प्रतिकृतीत ही जोडांवरची गुंडाळी अवश्य दाखवावी. एकसंध काडी लावली तर अर्धी गोष्ट गेली. डोलकाठी पुढे झुकलेली असली की हे जड परबाण तिच्यापासून मोकळे लोंबते आणि चढवता-उतरवताना घासत नाही. परबाण डोलकाठीला खिळत नाहीत. दोराचे एक सैल कडे डोलकाठीभोवती असते, त्यात लाकडी मणी ओवलेले असतात, आणि त्या मण्यांवरून परबाण वरखाली सरकते.

शिडाच्या खालच्या मागच्या कोपऱ्याला जो दोर असतो त्याचे नाव दामण. आपल्यापैकी ज्यांच्या घरी उर्दू बोलतात त्यांना हा शब्द सांगावा लागणार नाही. आईचा दामन धरून चालणारे मूल सर्वांनी पाहिले आहे. शिडाचा दामन ज्याच्या हातात, वारा त्याच्या हातात. वारा वाढला की तो सैल सोडतो, पडला की ओढून घेतो.

दुसरी मोठी चूक डोलकाठीला दोन्ही बाजूंनी शिडीसारखे दोर बांधण्याची. ते युरोपीय जहाजाचे लक्षण आहे. पतेमारीचे शीड वाऱ्याच्या पलीकडील बाजूस फुगते. त्या बाजूला कायमचे दोर असतील तर शीड त्यांवर आदळून फाटेल. म्हणून डोलकाठीला आधार देणारे दोर वाऱ्याच्या बाजूला बांधतात आणि जहाजाने बाजू बदलली की सोडून पलीकडे नेतात. परबाण वर ओढणारा जो सर्वांत जाड दोर, त्याचे टोक मागे आणून बांधले की तोही डोलकाठीला मागून धरून ठेवतो. एका दोराकडून दोन कामे.

बाजू बदलण्याची क्रियाही समजून घेण्यासारखी आहे. चौकोनी शिडाचे जहाज वाऱ्यात तोंड घालून वळू शकते. पतेमारीला ते अवघड. ती वाऱ्याकडे पाठ करते. दामण सोडला जातो, शीड पुढे झेंड्यासारखे फडफडते, परबाण जवळजवळ उभे करून डोलकाठीच्या पुढून दुसऱ्या बाजूस नेले जाते आणि मग दामण पुन्हा ओढून धरतात. रात्रीच्या वेळी, पावसात, ओल्या तक्त्यांवर उभे राहून ही माणसे ते करीत. दहा-वीस जणांचे हात एका तालावर पडल्याखेरीज ते होत नसे, आणि तो ताल तांडेलाच्या आवाजावर चाले. प्रतिकृतीत आवाज दाखवता येत नाही, पण कोणत्या बाजूला शीड आणि कोणत्या बाजूला आधाराचे दोर, एवढे बरोबर असले तरी जाणत्याला वारा कुठून वाहतो ते दिसते.

या तिरप्या शिडाविषयी आपल्यात एक समज आहे, त्याचा येथे उल्लेख केला पाहिजे. हे शीड अरबांनी शोधले आणि युरोपाला दिले, असे अनेक भाषणांतून ऐकू येते. उपलब्ध पुरावा तसे सांगत नाही. ग्रीसमध्ये सापडलेल्या, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील एका थडग्याच्या शिळेवर असे तिरपे शीड कोरलेले आहे, म्हणजे इस्लामच्या उदयापूर्वी ते भूमध्य समुद्रात होते. हिंदी महासागरात ते केव्हा आणि कसे आले यावर विद्वानांत मतभेद आहेत. तसेच वास्को द गामाला 1498 मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून कालिकतला आणणारा वाटाड्या म्हणजे थोर नौकाशास्त्रज्ञ इब्न माजिद, ही कथा. पोर्तुगीज बखरकार त्याला गुजरातचा म्हणतात आणि 'मालेमो' या नावाने ओळखतात. हा 'मुअल्लिम', म्हणजे जहाजाचा मार्गदर्शक, हुद्दा आहे, नाव नव्हे. इब्न माजिद हा ओमान किनाऱ्याचा. पुढील संशोधकांनी ही ओळख नाकारली आहे. माझे मत असे की मुलांना हे स्पष्ट सांगावे. इब्न माजिदने इ. स. 1490 च्या सुमारास नौकाशास्त्रावर जो ग्रंथ पूर्ण केला, त्यात ताऱ्यांच्या उंचीवरून बंदरे शोधण्याचे ज्ञान आहे. त्याला वास्को द गामाच्या प्रमाणपत्राची गरज नाही. खोट्या अभिमानावर वाढलेला विद्यार्थी पहिल्या चांगल्या ग्रंथालयात गेला की खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास गमावून बसतो.

खऱ्या गोष्टी काही कमी नाहीत. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान आणि दर्यासारंग हे सरदार होते, मायनाक भंडारी त्यांच्याबरोबर होता. 1679 साली खांदेरी बेटावर किल्ला बांधण्यावरून मुंबईच्या इंग्रजांशी जो झगडा झाला त्यात मराठी आरमार दौलतखानाच्या हाताखाली लढले आणि इंग्रजांचे 'डव्ह' नावाचे गुराब मराठ्यांच्या हाती पडले. समोरच्या बाजूला जंजिऱ्याचे सिद्दी होते, तेही मुसलमानच. ज्यांना इतिहासात फक्त दोन धर्मांची लढाई दिसते त्यांना ही मांडणी पचत नाही, पण समुद्रावर नोकरी, निष्ठा आणि स्वार्थ यांचे वारे वेगळे वाहत असत.

त्या जहाजांची बांधणीही नोंदलेली आहे. गुराब रुंद, उथळ, पुढे चोचीसारखे निमुळते. दोन डोलकाठ्यांचे असेल तर सुमारे 150 टन, तीन असतील तर 300 टनांपर्यंत. गलबत त्याहून लहान, क्वचितच 70 टनांपलीकडे, वल्ह्यांवरही चालणारे, आणि त्याच्या मोठ्या शिडाचे टोक डोलकाठीच्याही वर जाणारे. इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने अठराव्या शतकात ही मापे दिली. आरमाराची प्रतिकृती करू इच्छिणाऱ्याने यांवरून काम सुरू करावे.

मुंबईच्या गोद्यांत चौकोनी शिडांची मोठी जहाजेही होत, आणि ती बांधणारे वाडिया घराण्यातील पारशी मिस्त्री जगप्रसिद्ध झाले. 1817 साली मुंबईत पाण्यात उतरलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे अजून तरंगते आहे. ओमान आणि झांजिबारचा सुलतान सय्यद सईद हाही मुंबईचे गिऱ्हाईक होता. 1826 साली येथे त्याच्यासाठी बांधलेले 'लिव्हरपूल' हे मोठे जहाज त्याने 1836 मध्ये इंग्लंडच्या राजाला भेट दिले. इंग्रजांनी त्याचे नाव 'इमाम' ठेवले. पण मला अधिक भावते ती 'सुलताना'. ही 1833 साली माझगावला बांधली गेली. 1840 च्या आरंभी ती झांजिबारहून निघाली, आफ्रिकेला वळसा घातला, अटलांटिक ओलांडला आणि 30 एप्रिल 1840 रोजी न्यूयॉर्कच्या बंदरात नांगर टाकला. कप्तान होता अहमद बिन नौमान. खजूर, हस्तिदंत, लवंगा, गालिचे असा माल आणि अमेरिकेच्या अध्यक्षांसाठी भेटी. फेट्यातले खलाशी पाहायला गर्दी लोटली. प्रवासाने जहाजाच्या दोरांची आणि शिडांची दशा झालेली होती. अमेरिकन नौदलाने ब्रुकलिनच्या गोदीत ते दुरुस्त करून, नवे दोर चढवून दिले आणि पैसे घेतले नाहीत. माझगावच्या लाकडावर ब्रुकलिनचे दोर, आणि वर झांजिबारचा लाल झेंडा. अहमद बिन नौमानचे एक तैलचित्र तेव्हा काढले गेले, ते आजही पाहायला मिळते.

अशा चौकोनी शिडांच्या जहाजावर शेकडो दोर असतात, आणि प्रत्येकाला नाव. ती नावे आपल्या खलाशांनी आपल्या पद्धतीने घडविली. थॉमस रोबक याने 1811 साली कलकत्त्याला इंग्रजी-हिंदुस्थानी नौका-कोश छापला. साहेब अधिकाऱ्यांना खलाशांचे बोलणे कळावे हा हेतू. त्यात पुढची डोलकाठी 'त्रिकट' आहे, मागची 'कलमी', वरचे शीड 'गावी'. त्रिकट आणि गावी हे पोर्तुगीज, कलमी अरबी, दामन फारसी, आणि मधली मोठी डोलकाठी 'बडा', म्हणजे शुद्ध हिंदुस्थानी. चार भाषांचे दोर एकाच जहाजावर ओढले जात होते. कोकणी मुसलमान, खारवी, गोव्याचे ख्रिस्ती, सुरतेचे, चितगावचे लोक ही बोली बोलत. रत्नागिरी आणि रायगडच्या अनेक मुसलमान कुटुंबांत सारंग, तांडेल, नाखवा ही आडनावे आजही आहेत. ती पदव्यांसारखीच वाचावीत.

प्रतिकृती हा केवळ लहान मुलांचा खेळ नव्हे, याचे अलीकडचे उदाहरण आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे एक जहाज चितारलेले आहे. त्या चित्राचा आधार घेऊन गोव्यात जुन्या पद्धतीने शिवलेले जहाज बांधण्यात आले; केरळचे कारागीर काथ्याने फळ्या शिवत होते. नकाशा नव्हताच. तेव्हा मद्रासच्या आयआयटीमध्ये लहान प्रतिकृती पाण्यात सोडून तिची परीक्षा करण्यात आली, डोलकाठ्यांचे बळ तपासले गेले. हे जहाज 21 मे 2025 रोजी कारवार येथे नौदलात दाखल झाले, त्याला 'कौंडिण्य' नाव दिले गेले, आणि 29 डिसेंबर 2025 रोजी ते पोरबंदरहून मस्कतकडे निघून जानेवारी 2026 मध्ये तेथे पोहोचले. चौलच्या व्यापाऱ्यांचा हाच रस्ता, उलट दिशेने. चौकोनी शिडे, काथ्या, माशाचे तेल आणि राळ. सोबतीला आजच्या काळातील सुरक्षेची साधने.

नागपूरच्या मुलांना एक गोष्ट अधिक सोपी जाईल, ती शिडाची. मोमिनपुऱ्यातील किंवा कामठीतील विणकरांच्या घरच्या मुलाला ताणा आणि बाणा शिकवावा लागत नाही. कापड ताण्याच्या आणि बाण्याच्या दिशेने ताण सोसते, तिरपे ओढले की लांबते आणि बेढब होते. शीड म्हणूनच एका मोठ्या कापडाचे कापून काढीत नाहीत; हातभर-दीड हात रुंदीच्या पट्ट्या शिवून करतात, आणि त्या पट्ट्या शिडाच्या मागच्या काठाला समांतर ठेवतात, कारण सर्वांत मोठा ताण तिथे येतो. प्रतिकृतीत पट्ट्या खरोखर शिवल्या तर शिवण जाड दिसते. त्याऐवजी तलम मलमलीवर पेन्सिलीने बारीक रेघा ओढाव्यात किंवा एक-एक सूत ओढून काढावे. रंग पांढराशुभ्र नको. चहाच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवावे. पतेमारीचे शीड पूर्ण त्रिकोणी नसते; पुढचे टोक थोडे कापल्यासारखे असते, म्हणजे त्याला चार कडा असतात, एक अगदी आखूड. हा आखूड काठ विसरू नये.

दोर बांधण्याचा क्रमही ठरलेला आहे. प्रथम डोलकाठीला धरणारे दोर, मग परबाणाचे कडे आणि वर ओढणारा दोर, आणि अखेरीस शिडाचे हलते दोर. उलट केले तर आपलेच बोट आपल्याच दोऱ्यांत अडकते. कप्पी लाकडाच्या लहान तुकड्याला बारीक सुईने भोक पाडून होते. हार्डवेअरच्या दुकानातील पितळी कडी लावू नये, ती त्या काळी नव्हती.

राहता राहिली नावे. परबाणाच्या दोन टोकांचे दोर, मण्यांचे कडे, आधाराचे दोर यांना रत्नागिरीत एक, श्रीवर्धनला दुसरे, मालवणात तिसरे नाव होते. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात पतेमाऱ्यांवर इंजिने चढली आणि परबाण उतरले. ज्यांनी ते स्वतःच्या हाताने डोलकाठीच्या पुढून फिरवले असे लोक आता ऐंशीच्या पुढे आहेत. ज्या विद्यार्थ्याचे आजोळ किंवा सोयरे कोकणात असतील त्याने सुट्टीत आपली अर्धवट प्रतिकृती बरोबर न्यावी, ती अशा एखाद्या नानांच्या पुढे ठेवावी, आणि प्रत्येक दोऱ्यावर बोट ठेवून त्याचे नाव विचारून वहीत लिहून घ्यावे. दामण शेवटी बांधावा. तोवर नाना बहुधा आधीच्या चार गाठी सोडायला लावतील.